आत्याचं हिरवं पातळ

चहा आधी पिऊन घ्या. मी काय करून बसलो हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या घरचा चहा घ्याल का न्हाई, शंकाच आहे. मेलेल्या माणसाला फोन लावणारा माणूस कधी पाह्यलाय? न्हाई ना? मंग पाहून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

आधी माझ्या डोक्याचं सांगतो. मला एडीएचडी आहे. चाळिशीत कळलं. डॉक्टरीणबाईंनी बराबर समजावून सांगितलं, तुमचं लक्ष एका जागी ठरत न्हाई, अन् चार गोष्टींतली एक निवडायची म्हणलं की डोकं जाम होतं. घरी येऊन वडलांना, म्हणजे आबांना, सांगितलं. ते म्हणले, "हे तर मला तू दुसरीत असतानाच ठाऊक होतं. त्याला इंग्रजी नाव आहे, एवढंच नवीन."

हसू नका हो! टूथपेस्ट आणायला गेलेला माणूस मीठवाली, लवंगवाली अन् कोळशावाली पेस्ट बघून घामाघूम होतो, अन् शेवटी कपड्याचा साबण घेऊन घरी येतो. ह्यात हसण्यासारखं काय आहे?

माझ्या ह्या रोगावर इलाज एकच होता. शांताआत्या. आबांची एकुलती एक बहीण, तीर्थपुरीला दिलेली. मी इथं जालन्यात, मस्तगडात दुकानापुढं उभा राहून तिला फोन लावायचो.

"आत्या, पंखा पांढरा घेऊ का चॉकलेटी?"

"पांढरा घे. ठेव फोन."

तिनं पंखा पाह्यलेला नसायचा. गरजबी न्हवती. पोरीची शाळा, मोटारसायकल, घराचा रंग, सगळं तिनं तिकडं मेथी निवडता निवडता ठरवलेलं. मला कधी वेड्यात काढलं न्हाई. फक्त म्हणायची, "ठेव फोन."

ती आत्या एका सकाळी गेली. चुलीवर चहा ठेवला, खाली बसली, अन् गेली.

आपल्याकडं सवाष्ण बाई गेली की तिला माहेरचं हिरवं पातळ नेसवतात. ते आल्याबिगर तिला उचलत न्हाईत. दुकानं उघडायला वेळ होता, म्हणून आबा, आई अन् माझी बायको मंगल जीपनं पुढं निघाले. पातळाचं काम माझ्याकडं आलं.

"जुन्या जालन्यातून घे अन् मागून ये. जल्दी," आबा म्हणले. डोळे सुजलेले.

मंगलनं जीपमधून मान बाहेर काढली. "हिरवं म्हणजे हिरवं! पहिलं दिसंल ते उचला. इचार करू नका!"

मी इचार न करायचा ठरवून दुकानात शिरलो.

"हिरवी साडी द्या. आत्यासाठी. माहेरकडून."

शेठचा चेहरा खुलला. "माहेरची? वा! हिरव्यात काय दाखवू? पोपटी, मेंदी, रामा, पिस्ता, मोरपंखी, बाटली?"

झालं! गादीवर हिरवं रान उगवलं.

"कार्यक्रम कधी आहे?"

"आजच. सगळे थांबून राह्यलेत."

"मंग भारीतली घ्या. आत्याबाईंचा रंग कसाय?"

काय सांगणार? "गोऱ्या होत्या," म्हणलं.

"ही बघा. धुतली तरी रंग जाणार न्हाई. दहा वर्षं नेसतील!"

अन् मी काय करावं? मी ती साडी हातात घेऊन खरोखर इचार करायला लागलो, की धुतल्यावर रंग जाईल का! काठ टोचतील का! आत्याला नायलॉनचं गरम व्हायचं, मंग सुती बरी का? तासभर गेला. मंगलचे फोन आले, ते मला ऐकू आले न्हाईत. शेवटी पोपटी अन् बाटली, दोन राह्यल्या. त्या दोघींनी माझा गळा धरला. अन् अशा वेळी माझा अंगठा जे करतो, ते त्यानं केलं.

घंटी वाजली. कुणीतरी उचलला.

"आत्या, पोपटी घेऊ का बाटली?"

पलीकडं बायांचं रडणं चालू होतं. ते थांबलं. आत्याच्या नातीनं फोन स्पीकरवर टाकला होता हो! सगळ्या घरानं ऐकलं. आबांची जीप अजून वाटेतच होती. एक म्हातारी बोलली, "अगं माय! भाच्याला कुणी सांगितलंच न्हाई!"

मंग आत्याचे मालक बोलले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ज्याची बायको पुढ्यात पडली होती, तो माणूस मला म्हणतो, "दत्ता, बाळा, खाली बस. पाणी पी. तुझी आत्या आता ऱ्हायली न्हाई."

सांगायचं ना मी, की मामा, मला माहीत आहे? बिलकुल न्हाई! लाज वाटली. मी म्हणलं, "काय? कधी?"

अन् तिथंच गादीवर बसून हंबरडा फोडला. सकाळपासून आलं न्हवतं ते रडू तेव्हा आलं. ते खोटं न्हवतं. "कधी?" तेवढं खोटं होतं.

शेठनं पाणी आणलं. "काय झालं?"

"आत्या गेली."

"अरे देवा! आत्ता तर साडी... मंग ही आता ठेवून देऊ का?"

"न्हाई. हीच पाहिजे."

त्या भल्या माणसानं माझ्याकडं बघितलं, अन् काहीबी न इचारता एक साडी पिशवीत घातली. कोणती, ते मी पाह्यलंबी न्हाई.

तीर्थपुरीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारातली माणसं बाजूला झाली. बाया माझ्या गळ्यात पडल्या. "जिवंत आत्याला साडी घेत होता गं लेकरू! अन् त्याच साडीवर तिला जायचं होतं!" पिशवीतून निघाली जरीचे मोर असलेली पोपटी. ती नेसवल्यावर आत्या नवरीसारखी दिसायला लागली. आबांनी अन् मंगलनं माझं बिंग फोडलं न्हवतं. मंगल कोपऱ्यातून माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अन् पाण्याच्या मागं मला ती घरी काय म्हणणार, ते सगळं होतं.

स्मशानातून येताना वाटेत तहान लागली. टपरीवाला म्हणला, साधं पाणी का थंड? माझा हात फोनकडं गेला. आता कुणाला इचारू?

संध्याकाळी आत्याच्या ओट्यावर मी अन् आबा बसलो होतो. येणारा-जाणारा म्हणत होता, "भाचा असावा तर असा!" आबा नुसती मान हलवत होते. माणसं पांगली, तसं ते माझ्याकडं न बघता हळूच बोलले.

"दत्ता, माझ्या वेळंला कापड मंगल आणंल."

"हो, आबा."

"अन् तू मला फोन करू नको."