मशीनला आलेला ताप

आखातातल्या रुवैसच्या आमच्या ठेकेदार कंपनीत, आरोग्य विभागात संख्याशास्त्र शिकलेली मी एकटीच. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी, उन्हात भोवळ येऊन पडणाऱ्या कामगारांचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडद्यावर प्रत्येक कामगार म्हणजे एक ठिपका. धडधाकट असला तर हिरवा, पडला की लाल. त्याची झोप, नाश्ता, ऊन, फोरमनचा धाक, सगळं त्या ठिपक्यात कोंबायचं. संडास लांब म्हणून माणसं पाणीच कमी पितात, हेसुद्धा मी घातलं. एक गोष्ट दुसरीत अडकलेली, दुसरी तिसरीत. नुसती 'पाणी प्या' अशी पाटी लावून भागणार नव्हतं.

त्यातला एक ठिपका माझ्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या गावचे, कुडाळकडचे एक फिटर भावजी. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ते एकदा साइटवर पडले होते. दुसऱ्यांदा पडले तर 'अनफिट' ठरवून घरी पाठवणी, असा कंपनीचा नियम. त्यांच्या नोकरीची मला खरोखर धास्ती वाटायची.

मी मॉडेलमध्ये साइटवर दुपारची थंड खोली घातली. बघता बघता लाल ठिपके हिरवे झाले. मॅनेजरसाहेबांनी पडदा पाहिला आणि टाळी वाजवली.

"यल्ला, खलास! प्रॉब्लेम सॉल्व्ह हो गया!"

"सर, वो रूम अभी सिर्फ स्क्रीनपे है."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि फाइल मिटली.

त्याच आठवड्यात माझं कॉम्प्युटरचं मशीन तापून बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कोरा एसी हजर! माणसांना ऊन बाधतं हे पटवायला एवढं मॉडेल रचावं लागलं, मशीनला बाधतं हे मात्र सगळ्यांना उपजतच ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं.

मग मीही शेरास सव्वाशेर व्हायचं ठरवलं. मॉडेलला साइटवरचा ताजा डेटा लागतो, असं साहेबांना सांगितलं. डेटा म्हटलं की साहेब विरघळायचे. मशीन, एसी आणि मी, तिघंही साइटवरच्या एका पोर्टाकेबिनमध्ये, उचलून हलवता येणाऱ्या पत्र्याच्या खोलीत, मुक्कामाला गेलो. दुपारी एकेक टोळी नाडी मोजून घ्यायला यायची. नाडी मोजायची तर माणूस आधी शांत बसायला हवा, असा नियमच आहे. तो मी जरा जास्तच काटेकोरपणे पाळला. माणसं एसीच्या गारव्यात भिंतीला टेकून पेंगायची.

"वयनी, नाडी अजून गावली नाय?" भावजी डोळे न उघडताच विचारायचे.

"नाही अजून. बसा."

त्या उन्हाळ्यात भावजी पुन्हा पडले नाहीत. पडणारे एकूणच कमी झाले. मॉडेलचं भाकीत अचूक निघालं, असं साहेबांनी वरच्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. प्रश्न सुटला म्हणून थंडीच्या तोंडावर केबिन उचलली. मशीन एसीसकट मुख्य ऑफिसात गेलं.

मी हे सांगितलं तेव्हा भावजी आमच्याकडे जेवत होते. म्हणाले, "वयनी, फुडच्या उन्हाळ्यात त्या मशिनाक परत ताप येऊक व्हयो. नायतर तो माका येतलो."