कपाटातला बल्ब आणि ओला कप

काटेवाल्यांच्या कपाटात त्यांच्या धाकट्या भावाचं भूत आहे आणि त्याला अंधाराची भीती वाटते, म्हणून आत बल्ब जळतो, ही बातमी गल्लीभर मीच पसरवली. खोटं कशाला बोलू!

मग एकदा शिडी मागायला गेले तर कपाट सताड उघडं. बल्बच्या उबेला इपॉक्सी गोंदाचे दोन डबे, वरच्या फळीवर रेझिन आणि खालच्या फळीवर ते घट्ट करणारा हार्डनर. झाकणं लाल नि निळी, अदलाबदल नको म्हणून. गारठ्यात रेझिन मधासारखं रवाळ होतं म्हणे. भूतबीत काही नव्हतं. माझी घोर निराशा झाली.

पण डब्यांमागे एक जुना प्लास्टिकचा कप होता. त्यावर अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

तेव्हा काटेवाले होड्या बांधायचे. गोंद मिसळला की कपात उरलेला तारीख घालून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्यात नख रोवून बघायचं आणि नख रुतलं नाही तरच होडी पाण्यात, अशी त्यांची शिस्त. धाकटा घाईला आला, "दादा, उद्याच निघायचंय, लवकर सुकव." काटेवाल्यांचा सगळा जन्म फायबरच्या कामात गेलेला, तिथला गोंद वेगळा. तिथे हार्डनर थोडा जास्त घातला की काम लवकर घट्ट होतं. सवयीने हात इथेही तसाच वळला. इपॉक्सीला हे चालत नाही, माप चुकलं की ते मऊच राहतं. कपात नख रोवायच्या आधीच धाकटा निघून गेला. पाण्यात होडीचा तळाचा सांधा उकलला. होडी सापडली. धाकटा नाही.

तेव्हापासून ते गोंद स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅमवर तोलतात आणि फक्त खुर्च्या सांधतात. रोज सकाळी हातमोजा चढवून त्या कपात बोट टेकवतात. बोटाबरोबर अजून ओल्या गोंदाची तार निघते. तेव्हा त्यांचे ओठ हलतात. काय बोलतात, ते खिडकीतून मलासुद्धा ऐकू येत नाही.

परवा धाकट्याची मुलगी आली. तिने एक जुनी होडी विकत घेतली होती, तळाचा सांधा सुटलेली.

"काका, सांधून द्या."

"मी होड्या करत नाही."

"मग मी करते. डब्यावर वाचून."

काटेवाल्यांचा चेहरा उतरला. "आधी हातमोजे घाल," म्हणाले आणि काटा काढला. तीनदा तोललं. कपाच्या कडा खरवडून खरवडून ढवळलं. नवा कप जुन्याशेजारी, बल्बखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं बोट पुढे होईना. कप माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही बघा. तुमची नखं सगळ्या गल्लीला ठाऊक आहेत."

मी जोर लावला. नखच मोडलं. "दगड आहे हो!"

तरी पोरीला आठवडाभर थांबवलं. ती थांबली. मग होडी पाण्यात गेली आणि काटेवाले काठावर उभे राहिले, खांबासारखे. दुपारी ती परतली. त्यांनी वाकून तळावरून तळहात फिरवला. कोरडा होता. तोच हात त्यांनी पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यांच्या घरी आल्यावर माझी जीभ गप्प बसेना. "दादा, आता तरी टाका तो जुना कप. किती दिवस उराशी धरून बसणार?"

त्यांनी कपाट लोटलं. बल्ब तसाच ठेवला.

"ओला गोंद कचऱ्यात टाकायचा नसतो. घट्ट झाल्यावर टाकायचा. डब्यावर लिहिलंय. वाचता येतं ना?"