बारा गाड्या, एक सही

इन्स्पेक्टर तोमासींनी सही न करताच पेन खिशात ठेवलं, तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते. दुपारी दोनला जपानमधल्या नागोया बंदराचं गेट बंद होणार होतं, आणि आमच्या यार्डात बारा पोलीस जीप धुऊनपुसून उभ्या होत्या.

"निकम-सान, हा सायरन लावा आणि तो चालू असतानाच रेडिओवर माझ्याशी बोला," ते म्हणाले.

मी सायरन लावला, रेडिओचं बटण दाबलं. रेडिओचा स्क्रीन एकदा लुकलुकला आणि बंद पडला. दुसऱ्या गाडीत तेच. तिसऱ्या गाडीतही तेच.

गाड्यांवर सायरन, दिवे, रेडिओ बसवणाऱ्या नागोयातल्या एका छोट्या कंपनीत मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या देशाच्या पोलीस दलाची ही ऑर्डर. तोमासींना त्यांच्या दलाने चार महिन्यांच्या पोस्टिंगवर पाठवलं होतं, ते फक्त एका सहीसाठी. ती झाली की गाड्यांची जबाबदारी त्यांची. प्रत्येक गाडीच्या काचेवर त्यांनी एकेका बेटाचं नाव चिकटवलं होतं. "आमच्याकडे माणसाची बदली तीन वर्षांनी होते. गाडीची होत नाही. गाडी गंजून संपेपर्यंत त्याच बेटावर," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

माझे बॉस हायाशी-सान धावत आले. टेस्ट शीट चाळून म्हणाले, "सायरन ओके, दिवे ओके, रेडिओ ओके. सगळंच ओके आहे की!"

"वेगवेगळं ओके आहे," मी म्हणाले. "एकत्र चालवून आपण पाहिलंच नाही."

हायाशी-साननी तोडगा काढला. गाड्या आज जाऊ देत, दुरुस्तीचं किट सोबत देऊ.

तोमासींनी नकारार्थी मान हलवली. "आमच्या देशात हे काम जाणणारा माणूस एकच, तोही राजधानीत. वादळाचा इशारा आला की हीच गाडी सायरन वाजवत किनाऱ्याने फिरते आणि पुढचा निरोप रेडिओवर ऐकते. एकाच वेळी."

"मग पुढचं जहाज?" हायाशी-साननी विचारलं.

"दीड महिन्याने. तोवर वादळं सुरू झालेली असतील."

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या वेळी मी तोक्योच्या ओजिमा भागात राहत होते. त्या दिवशी रस्त्यावरच्या भोंग्यातून कोणी काहीतरी सांगत होतं आणि मला ते नीट ऐकूच येत नव्हतं. ती घालमेल अजून अंगात आहे. मी म्हणाले, "हायाशी-सान, मला एक तास द्या."

रेडिओ बंद पडतो म्हणजे त्याला व्होल्टेज कमी मिळतंय. बॅटरीतून निघालेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परततो. त्या परतीच्या जोडणीला आम्ही अर्थ म्हणतो. मी मीटर लावला. सायरन आणि रेडिओ, दोघांची अर्थ वायर डॅशबोर्डमागच्या एकाच ब्रॅकेटवर. आमचे सर्वांत जुने फिटर ओकुमुरा-सान यांनी तो बोल्ट सोडला, बोट फिरवलं आणि मला दाखवलं. खाली चकचकीत काळा रंग! आधीच्या ऑर्डरींना ब्रॅकेट बिनरंगाचे यायचे, या वेळी रंगवून आले होते. रंगातून करंट नीट जात नाही. एकट्या रेडिओचं भागत होतं. सायरनचा भार पडला की तो मान टाकत होता. रंग खरवडायची सूचना ड्रॉइंगमध्ये नव्हती. ड्रॉइंग माझं होतं.

ओकुमुरा-साननी पॉलिश पेपरने रंग खरवडला, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला. सायरन लावला. रेडिओ खणखणीत!

"एक झाली," ते म्हणाले आणि थेट दुसऱ्या गाडीत घुसले.

सव्वानऊ झाले होते. मग जी धमाल उडाली! ओकुमुरा-सान आणि मी डॅशबोर्ड उघडत होतो. तोमासी युनिफॉर्मचा कोट काढून रंग खरवडायला बसले, वर प्रत्येक बोल्टला ग्रीस फासत होते. "आमच्याकडची खारी हवा तुम्हाला माहीत नाही," म्हणाले. सायरन पुन्हा पुन्हा वाजणार म्हणून हायाशी-सान शेजारच्या कारखान्यांत जाऊन वाकून वाकून माफी मागून आले, आणि आल्या आल्या बाह्या सरसावून आमच्यात सामील झाले. जेवण कोणालाच आठवलं नाही. कोनबिनी दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, एका हाताने खाल्ले.

एक वाजून पाच मिनिटांनी बारावी गाडी. तोमासी यार्डाच्या टोकाला रेडिओ घेऊन उभे राहिले. बाराही सायरन एकदम लागले. कानठळ्या बसत होत्या आणि आम्ही चौघं हसत होतो. एकेक बेटाचं नाव पुकारलं गेलं, एकेक गाडीतून "ऐकू येतंय" असं उत्तर गेलं. बारा वेळा.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. शेवटची गाडी बंदराच्या गेटातून आत गेली तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती.

त्या मोसमात वादळ आलं. तोमासींचा मेल दोन ओळींचा होता: सर्वांत दूरच्या बेटावरची गाडी सायरन वाजवत सकाळभर फिरली, लोक वेळेत चर्चच्या टेकडीवर गेले. रेडिओबद्दल तक्रार नाही.

आमच्या टेस्ट शीटमध्ये आता एक नवी ओळ आहे: 'सगळं एकदम चालू करून पाहा.' ती लिहायला मला अर्धं मिनिट लागलं.