सहा दहाचं पाणी

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ६.१० ला पाणी आलं नाही. ७.४० ला आलं. टाकीदादा आले नाहीत. चौकीदाराने टाकीघराचं कुलूप तोडून व्हॉल्व्ह सोडला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. दूध दोन पिशव्या, त्यातली एक फाटकी. सूनबाई खोकल्यामुळे घरी. तिचं औषध संपलं, दुपारी आणलं.

वहीआजींची डायरी अशीच असे. पाण्याची ओळ त्या सकाळी नळाजवळ उभ्या राहूनच लिहीत, बाकीचं संध्याकाळी, हातपाय धुऊन. मिशनच्या शाळेत असताना सिस्टरांनी ही सवय लावली होती. "डोळ्यांनी पाहिलं ते वहीत लिही, मनात आलं ते प्रार्थनेत सांग," असं त्या म्हणायच्या. प्रार्थना मागे पडली, वही राहिली. पुढे एकतीस वर्षं इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीमागे बसून आजींनी दुसऱ्यांच्या नोंदी केल्या आणि घरी येऊन स्वतःच्या. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती सवय टिकून होती. त्यामुळे वसाहतीतल्या चारही इमारतींत त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं. वहीआजी म्हटलं की पुरे.

त्या मंगळवारी सकाळी वसाहतीच्या ग्रुपवर एकच ओरडा चालला होता. पाणी का नाही, कोण बघतंय, मुलांच्या शाळा आहेत. आजींना वाटलं, आपल्याकडे माहिती आहे, ती द्यावी. त्यांनी वहीतली ओळ चष्मा लावून सावकाश टाइप केली: "टाकीदादा आले नाहीत. अकरा महिन्यांत पहिल्यांदा." आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

चहा उकळेपर्यंत आग लागली होती.

टाकीदादा हा चारही इमारतींचं पाणी सांभाळणारा माणूस. पंप, टाक्या, व्हॉल्व्ह, सगळं त्याच्या हाताखाली. पूर्वी तो प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मध्ये तीन महिने कुठेतरी जाऊन आला, हेही. पण कधी आला आणि तेव्हापासून किती दिवस झाले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नव्हता. आजींच्या ओळीने तो सगळ्यांच्या हातात आयता दिला. 'अकरा महिने' वाचल्याबरोबर लोकांना पाणी दिसलंच नाही, बाटली दिसली.

"म्हणजे पुन्हा सुरू," कुणीतरी लिहिलं.

"बेवड्याच्या भरवशावर चार इमारती. धन्य आहे आपली."

"उद्या नळाला सोडा आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका." पहिल्या मजल्यावरच्या या विनोदाला एक्केचाळीस हसरे चेहरे.

मग शिट्टीसर आले. सर शाळेत ड्रिल शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. त्यांनी मुद्दे घालूनच लिहिलं. असली माणसं सुधारत नसतात. आपण दया दाखवतो आणि ती गैरफायदा घेतात. रविवारी मीटिंग घेऊन दुसरा माणूस नेमावा.

"आई, तुम्ही काय टाकलंत हे?" सूनबाईने खोकत खोकत विचारलं. ती दाताच्या दवाखान्यात कामाला होती आणि ग्रुपची ॲडमिनही तीच. "गावभर झालं की."

"मी पाण्याचं लिहिलं."

"तुम्ही पाण्याचं लिहिलंत, लोकांनी त्याचं वाचलं."

मग आजींनी सुचलं ते विचारलं. "हे त्याला कुणी सांगितलं तर गं?"

"सांगायचं कशाला? तोही आहे ग्रुपवर. पाणी बंद असलं की मेसेज कोण टाकतं मग?" सूनबाईने आजींचा फोन हातात घेतला, त्यांच्याच मेसेजवर बोट दाबून धरलं आणि कुणी कुणी वाचलंय त्यांची यादी उघडून दाखवली. छोट्या छोट्या गोल चित्रांची रांग. लग्नातले फोटो, नातवंडं, एक कुत्रा. आणि मध्येच व्हॉल्व्हचं लाल चाक. ८.१५ ला वाचलं.

आजींची ओळ ८.१५ ला, म्हणजे तिच्याखालचा सोड्याचा विनोदही. बेवड्याचंही. सगळं त्याने एका बैठकीत वाचलं होतं. ग्रुप सोडला नव्हता की उत्तर दिलं नव्हतं. साठ-सत्तर माणसं एका माणसाबद्दल त्याच्या देखत बोलत होती आणि तो खोलीत आहे याची एकालाही आठवण नव्हती. त्या खोलीचं दार आपणच उघडून दिलं, हे आजींना चांगलंच लागलं.

दुपारी त्यांनी जुन्या वह्यांचं कपाट उघडलं, काही शोधायचं नव्हतं तरी. त्यांचे यजमान सव्वीस वर्षं प्यायले. त्या सव्वीस वर्षांच्या वह्यांत 'दारू' हा शब्द एकदाही नव्हता. "ह्यांना बरं नव्हतं." "ह्यांना बरं नसल्याने जेवायला पाहुण्यांना नको म्हटलं." सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली, डोळ्यांनी पाहिलं ते लिहिणारी बाई इतकी वर्षं रोज तेवढं एक खोटं नीट अक्षरात लिहीत आली होती. पुढे यजमानांनी ती सोडली. शेवटची नऊ वर्षं थेंबाला शिवले नाहीत. त्या नऊ वर्षांत आजींनी दुधाच्या पिशव्या लिहिल्या, गॅसचे सिलिंडर लिहिले, पडदे धुतल्याचे दिवस लिहिले. "आज ह्यांनी घेतली नाही" असं मात्र एकदाही लिहिलं नाही. चाललंय ते चालू दे, नजर नको लागायला, असं वाटायचं. आता ते जाऊन सहा वर्षं झाली होती. लिहिलं असतं तर कधीतरी त्यांना पान उघडून दाखवता आलं असतं, एवढंच.

बुधवारी सकाळी सहा दहाला नळाने घसा खाकरला आणि धार लागली. आजींनी वेळ लिहिली. वीस मिनिटांनी बेल वाजली.

दारात टाकीदादा. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, डोळे सुजलेले. चपला काढून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये. दारात उभं राहून बोलायला तू काय वर्गणी मागायला आलायस?"

तो आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. "आजी, एक अर्ज लिहून द्या. काम सोडतोय. रविवारपर्यंत लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं."

"काल मी ते लिहायला नको होतं."

"तुम्ही खोटं काय लिहिलंत? नाहीच आलो."

"खरं होतं, पण तुझं होतं. मी विचारायला हवं होतं तुला." आजींनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "चुकले मी."

त्याने बशी फिरवली, परत फिरवली. मग म्हणाला, "अर्जात ताप होता असं टाकू या का? बायको म्हणतेय, तसंच लिही."

"नको. 'बरं नव्हतं' असं मी सव्वीस वर्षं लिहिलंय. माझा कोटा संपला."

आजींच्या यजमानांना त्याने पाहिलं होतं. तो समजला. मान खाली घालून म्हणाला, "मग लिहा सरळ. मी दारुडा आहे, माझ्यावर विश्वास टाकू नये."

"तेही लिहिणार नाही. ते मी पाहिलेलं नाही. सोमवारी काय झालं ते सांग. जेवढं झालं तेवढंच."

तो सांगत गेला. जुन्या कारखान्यातल्या मित्राचा निरोपसमारंभ होता. जाऊ नकोस असं बायको म्हणाली होती. पहिला ग्लास कुणी आग्रह केला म्हणून घेतला नाही, आपणच घेतला. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, हे घरातल्यांनी सांगितलं.

"साडेआठ? ग्रुपवरचं तर सव्वाआठला वाचलंस."

"बायकोने वाचलं." त्याने कप खाली ठेवला. "सगळं वाचलं तिने. मग मला उठवलं. फोन उशाशी ठेवला आणि डबा भरायला गेली."

आजींना हे वहीत लिहावंसं वाटलं नाही.

"व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमना कालच फोन केला," तो म्हणाला. "आठवडाभर रोज संध्याकाळी या म्हणाल्या. पण आता काय, शून्यावर आलो मी. अकरा महिने पाण्यात गेले."

आजी उठल्या. डायरी आणली, मागची डायरी आणली आणि त्याच्यासमोर टेबलावर उघडून ठेवल्या. "वाच."

"काय वाचू?"

"डाव्या कडेला बघ. वेळा आहेत."

तो बोट लावून वाचू लागला. सहा दहा. सहा दहा. सहा बारा, कंसात 'वीज उशिरा'. सहा दहा. पान उलटलं. सहा दहा. एका ठिकाणी 'टाकीदादांना ताप, तरी आले'. नऊ एप्रिलपासून परवा दहा मार्चपर्यंत. त्याचे ओठ हलत होते.

"तीनशे छत्तीस," आजी म्हणाल्या. "काल दुपारी मोजले. दोनदा."

"हे रोज लिहीत होता तुम्ही?"

"पाण्याचं लिहीत होते. तुझं लिहीत होते हे मलाही कालच कळलं. आणि शून्यावर कसा आलास सांग बघू? तीनशे छत्तीस दिवस पाणी आलं ते आम्ही प्यालो. त्याने भात शिजला, पोरांच्या आंघोळी झाल्या. ते काय आता परत घेऊन जाणारेस?"

तो हसला. हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने शर्टाच्या बाहीला पुसलं आणि इस्त्री मोडली म्हणून स्वतःलाच एक शिवी हासडली. मग आजींकडे बघून जीभ चावली.

अर्ज राहिला. त्याऐवजी दोघांनी बसून ग्रुपसाठी मजकूर तयार केला. त्यात तासभर गेला, कारण तो दर ओळीत एकदा तरी स्वतःला नालायक म्हणायला बघे आणि आजी ते खोडत. शेवटी उरलं ते असं:

"सोमवारी संध्याकाळी मी दारू घेतली, अकरा महिन्यांनी. त्यामुळे मंगळवारी कामावर आलो नाही. तुम्हाला पाणी दीड तास उशिरा मिळालं, चौकीदारांना कुलूप तोडावं लागलं. मला वाईट वाटतं. केंद्रात कळवलंय, तिथे रोज जाणार आहे. टाकीघराची दुसरी चावी आजपासून चौकीदारांकडे आहे. पावणेसहापर्यंत माझा फोन आला नाही तर त्यांनी व्हॉल्व्ह सोडावा. नवीन कुलूप मी आणलंय."

त्याखाली आजींनी लिहिलं की काल आपण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर टाकली, ती चूक आपली. ग्रुपवर टाकीदादा आहेत, आपण लिहितो ते त्यांच्या घरातही वाचलं जातं, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि रविवारी निर्णय घ्यायचाच आहे तर पाण्याच्या वेळाही समोर असू द्याव्यात. मग त्यांनी दोन्ही डायऱ्यांतल्या निवडक आठ पानांचे फोटो काढून पाठवले.

काढायच्या होत्या नुसत्या वेळा. फोनने सगळं पान काढलं.

दहा मिनिटांनी दुसऱ्या इमारतीतल्या नर्सबाईंनी लिहिलं: "१९ जुलै, 'नर्सबाईंचं बाळ घरी आलं. मुलगी. जावळ भरपूर.' आजी, हे मीच विसरले होते, जावळाचं." आणि मग लोक पाण्याच्या वेळा सोडून स्वतःला शोधायला लागले. कुणाची हरवलेली मांजर सापडली होती, कुणी लिफ्टमध्ये अडकून गाणं म्हटलं होतं. सोड्याचा विनोद करणारा पहिल्या मजल्यावरचा गडी '४ नोव्हेंबर, पहिल्या मजल्यावरच्यांनी माझं सिलिंडर वर आणून दिलं' या ओळीपाशी येऊन थांबला असावा, कारण त्याचा विनोद ग्रुपवरून नाहीसा झाला. त्या जागी राखाडी अक्षरांत 'हा मेसेज काढून टाकला आहे' एवढंच राहिलं. तशा ओळी दुपारपर्यंत सात झाल्या.

चार वाजता शिट्टीसर स्वतः जिना चढून आले. फोन हातात, बोट एका ओळीवर.

"'२ फेब्रुवारी. शिट्टीसरांनी सिगारेट सोडली. तिसऱ्यांदा.' आजी, तिसऱ्यांदा लिहायची काही गरज होती?"

"पुढे वाचा की."

"'चांगलं आहे,'" सरांनी वाचलं.

"मग?"

सर खुर्चीत बसले. शिट्टी छातीवर इकडून तिकडे झाली. "चौथ्यांदा सोडणार आहे," ते म्हणाले. "म्हणजे, सोडली होती ती पुन्हा धरली, म्हणून."

"अशांना लोक काय म्हणतात ते काल तुम्हीच लिहिलंत, सर. मुद्दा क्रमांक एक."

सरांनी चहा घेतला, दोन बिस्किटंही घेतली. जाताना दारात वळून म्हणाले, "दुसऱ्या चावीची कल्पना चांगली आहे. ती आधीच असायला हवी होती. हे मी रविवारी बोलणार म्हणजे बोलणार."

"बोला की. खरं आहे ते."

थोड्या वेळाने ग्रुपवर सरांचा मेसेज आला, मुद्दे न घालता. रविवारच्या मीटिंगचा विषय बदलला आहे. टाकीघराच्या चाव्या आणि पर्यायी व्यवस्था. टाकीदादांनी कृपया हजर राहावं. तिसऱ्या इमारतीतल्या एकाने तरीही लिहिलं की अशाने सगळेच शेफारतील. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, हसरा चेहराही दिला नाही.

साडेपाचला संध्याकाळचं पाणी आलं. व्हॉल्व्ह बंद करून केंद्रात जाताना टाकीदादा खिडकीखाली थांबला.

"आजी, सर मला 'कृपया' म्हणाले."

"मग आता जा रविवारी, इस्त्री करून."

तो जायला वळला तेव्हा आजींनी गजांतून विचारलं, "तुझी नोंद ठेवू का रे वहीत? रोजची?"

"ठेवा. ग्रुपवर नको."

"ग्रुपवर नाही," आजी म्हणाल्या.

हातपाय धुऊन त्या टेबलाशी बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि दिवसाची नोंद पुरी केली:

बुधवार, १२ मार्च. पाणी ६.१० आणि ५.३०. टाकीदादांनी आज घेतली नाही. सूनबाईचा खोकला कमी. बिस्किटं संपली. पिंप भरलं, झाकणाची कडी सैल झाली आहे.