डाव्या पादुकेला पट्टी

आमचे आबा शिवाजी पेठेत एका डॉक्टरांकडे कंपौंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांचा कागद कापून चिकटवायचा, सुया उकळायच्या, जखमा धुवायच्या, हे त्यांनी वीस वर्षं केलं. साखरेच्या रोग्याची जखम म्हणजे काय, हे पेठेत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि हाच माणूस दर गुरुवारी सायकल मारत कळंब्याच्या वाटेवरच्या मठात जायचा आणि महाराजांच्या खडावांवर डोकं ठेवायचा. याचा मला लहानपणापासून राग. कॉलेजात गेल्यावर तो राग छापता येतो, हे कळलं.

महाराजांना साखर होती. खडावेची खुंटी डाव्या अंगठ्याशी घासून जखम झाली, ती चिघळली. आबा दवाखान्याआधी सकाळी मठात जाऊन ती धुवायचे. चार महिने, एक दिवस चुकला नाही. शेवटी पाय काळा पडला. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पाय काढा, माणूस राहील. मठाचा ट्रस्ट म्हणाला, महाराजांचा देह अखंडच राहिला पाहिजे. उचलून मठात आणलं. तिसऱ्या दिवशी महाराज गेले. ट्रस्टने कार्ड छापलं : ‘महाराजांनी स्वेच्छेने देह ठेवला.’ त्या पायाचा वास सोसत ज्यांनी पोथ्या वाचल्या, त्यांनीच हे कार्ड वाटलं. मी याला खून म्हणतो. तेव्हाही म्हणत होतो.

महाराज गेल्यावर भक्तांनी सेवा वाटून घेतल्या. कुणी समई, कुणी हार. आबांनी एकच मागितली : सकाळी महाराजांच्या खडावांना, म्हणजे आता पादुकांना, स्नान घालायची. मिळाली. गाभाऱ्याचं दार लावून ते आत काय करतात, हे कुणी विचारलं नाही.

एका सकाळी ते दवाखान्याची किल्ली खिशात घेऊनच मठात गेले. डॉक्टर बाहेर खोळंबलेले, म्हणून मी किल्ली आणायला गेलो आणि दार ढकललं. उजवी पादुका पुसून बाजूला ठेवलेली. डावी आबांच्या मांडीवर. कडुनिंबाच्या कोमट पाण्याने ते खुंटीभोवती हलक्या हाताने धूत होते. मग कापसाने पिवळं औषध लावलं, गॉज ठेवला, पट्टी गुंडाळली. गाठ बाहेरच्या अंगाला मारली, आत टोचू नये म्हणून. वर झेंडूची फुलं रचली. पट्टी दिसेनाशी झाली.

“किल्ली व्हय?” असं म्हणून त्यांनी खिशात हात घातला. लाजले नाहीत. मला मात्र इतकी लाज वाटली, की परतताना सायकलवरच मठाविरुद्धच्या पत्रकाची पहिली ओळ तयार झाली.

पत्रक पहिल्या पुण्यतिथीला काढलं. ‘ज्याला स्वतःच्या पायाची जखम बरी करता आली नाही, तो तुमचा संसार काय तारणार?’ हा मथळा. खाली कार्डाचा खोटेपणा, इस्पितळाची हकिगत. आणि शेवटी, मला सगळ्यात आवडलेला परिच्छेद : ‘यांचा एक शहाणा भक्त रोग्यांना औषध देऊन पोट भरतो आणि रोज सकाळी लाकडाच्या पादुकेला मलमपट्टी करतो. लाकडाला ताप किती आहे, तेवढं त्याला विचारा.’ मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसून लोळले. हा भक्त कोण, हे मी त्यांना सांगितलं नाही. आबांनाही सांगितलं नाही.

मठाच्या फाटकात उभं राहून आम्ही पत्रकं वाटली. राधानगरीकडून ट्रक भरून माणसं आलेली. बहुतेकांनी पत्रक घेतलं, घडी घातली आणि त्यावरच प्रसादाचा शिरा घेतला. तुपाने माझी अक्षरं पारदर्शक झाली. ज्या थोड्यांनी वाचलं, त्यांत ट्रस्टचे अध्यक्ष होते. गुळाचे व्यापारी, आवाज मोठा. त्यांनी भर मंडपात आबांना हाक मारली.

“कंपौंडर, हिकडं या. हे काय हाय?”

आबांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

“पट्टी बांधता का न्हाय, तेवढं सांगा,” अध्यक्ष म्हणाले.

“बांधतो.”

गाभाऱ्यातून पादुका बाहेर आणल्या, फुलं काढली. पांढरी स्वच्छ पट्टी. एक बाई किंचाळली, “आगं बया! देवाच्या पादुकांना ब्यांडेज!” मागून एकजण ओरडला, “ताप किती हाय, बघितला का पावणं?” मंडप हसला. विनोद माझाच होता. मीही हसलो.

अध्यक्षांनी हात वर केला. आवाज खाली आणला. “हे बघा कंपौंडर, तुमी जुनं मानूस. पट्टी सोडा. म्हाराजांना व्याधी नव्हती, एवढं या पादुकांवर हात ठेवून म्हना. उद्यापास्नं सेवा तुमचीच. मीच म्हनतोय की.”

मी फाटक सोडून पुढे आलो होतो. आबांनी खोटं बोलू नये, एवढंच मला हवं होतं. त्यांचं काय जाणार, याचा हिशेब मी केलाच नव्हता. मला साक्षीदार पाहिजे होता.

आबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “जखम हुती. मी धूत हुतो. पू येत हुता अध्यक्षसाहेब. तुमीच तर खिडकी उघडा म्हनत हुता.”

“बास!”

“खरं तेच सांगतोय.”

“ह्यो पत्रकवाला पोरगा तुमचाच न्हवं?”

“व्हय. माझाच.”

“मग दोघंबी जावा. परत पादुकांना हात लावायचा न्हाय.”

एका स्वयंसेवकाने पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला आणि पट्टीखाली घातला. आबांच्या तोंडून निघून गेलं, “ओढू नगा हो, सोडवून काढा.” यावर मंडप पहिल्यापेक्षा मोठ्याने हसला. पट्टी कापून दोन तुकडे खाली पडले. आबा ते उचलायला वाकले, तेव्हा स्वयंसेवकाने पायाने बाजूला सारले.

वाटेत मी बोलत सुटलो. आबा, तुम्ही सगळ्यांसमोर खरं बोललात, ट्रस्ट उघडा पडला. आबा सायकल हातात धरून चालत होते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे उठले. कडुनिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट केलं आणि पातेलं समोर घेऊन बसले. मला ते बघवेना. म्हणालो, “आबा, लाकूड होतं ते. लाकडाला दुखत नाही.”

“मला शिकवतोस व्हय?” आवाज अजिबात चढला नव्हता. “लाकूड हाय ते ठावं हाय मला. येडा न्हाय मी. लेका, त्या खुंटीनंच पाय खाल्ला. कंपौंडरला कळत न्हाय? म्हाराज सोमवारी म्हनायचे, खडावा नगोत, लई दुखतंय. आनि गुरुवारी ट्रक भरून मानसं यायची, त्यांना खडावातलं दर्शन पाहिजे. मग म्हाराजांच्या पायात खडावा कोन घालायचं? मी. सकाळी पट्टी बांधायची आनि त्याच पट्टीवर खडाव चढवायची. ते दात आवळायचे, पर न्हाय म्हनायचे न्हाईत.”

मी कागद ओढला. खरंच ओढला. “आबा, हेच छापू. भक्तांनीच गुरू मारला. ट्रस्टचं तोंड बंद होईल.”

“छाप की. पर ट्रस्टनं मारला म्हनू नगोस. कंपौंडरनं मारला म्हन. त्याला सगळं कळत हुतं, असंबी लिही.”

“दोष ट्रस्टचा आहे, आबा.”

“ट्रस्टनं खडावा चढवल्या न्हाईत.” त्यांनी पातेल्यात बोट बुडवून पाहिलं. “रोज तेवढं धुवायला मिळत हुतं मला. आता मी काय धुवू? सांग. शिकल्यालं हाईस तू.”

ते कार्ड खोटं होतं, यावर मी आजही ठाम आहे. कुणी विचारलं तर मंडपात उभा राहून पुन्हा सांगेन. पण त्या सकाळी मी “बघू” म्हणालो. आईने चहा आणला. मी माझा प्यायलो. आबांच्या कपावर साय धरली, तरी ते पातेल्यासमोरून उठले नाहीत.