ओल्या नंबरावर कुंकू

"काका, सात तसा नाहीये. फोटोत बघा ना, पोटात आडवी रेघ आहे."

सायली परब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. बोरीवलीच्या तिच्या घरी, बेडरूममधल्या टेबलावर, फोमच्या तुकड्यावर एक डिझेल इंजिन आडवं पडलं होतं. लांबी वीतभर. मी मॉडेल रेल्वेच्या इंजिनांवर आणि डब्यांवर हाताने अक्षरं काढतो. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. आता अक्षरं तांदळाच्या दाण्याहून लहान झालीत. हौशी लोक सहसा डिकॅल लावतात, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील स्टिकर. पण सायलीला तिच्या बाबांचंच इंजिन हवं होतं.

बाबा रिटायर्ड लोको पायलट. त्यांच्या शेवटच्या ड्यूटीचं इंजिन भंगारात गेलं. ते कळल्यापासून त्यांनी घरात रेल्वेचा विषयच बंद केला होता. दसऱ्याला शेडमध्ये इंजिनांची पूजा असते, तिथे जुन्या दोस्तांनी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं होतं. ते परत येतील तेव्हा हॉलमधल्या टेबलावर मांडलेल्या रुळावर त्यांचं इंजिन उभं असायला हवं होतं. मॉडेल आलं कोरं, तेही आदल्या संध्याकाळी. म्हणून मी ब्रश घेऊन तिच्याच घरी गेलो.

खरं सांगतो, मी भयंकर खूश होतो. मूळ नंबर शेडमधल्या कुणा पेंटरने हाताने काढलेला. रेघवाला सात, वरून उघडा चार. दुसऱ्याच्या हाताचं वळण आपल्या हातात उतरायला लागलं की मला तहानभूक आठवत नाही.

एवढ्या बारीक ब्रशच्या टोकावर एनॅमल पेंट लगेच घट्ट होतो. त्यावर माझा उपाय लवंगेचं तेल, दाढदुखीवर लावतात तेच. थेंबभर मिसळलं की रंग सावकाश सुकतो आणि रेघ सुरेख येते. दोन्ही बाजूंचे नंबर झाले. शेवटी पुढचा, दिव्याखालचा. इंजिन रुळावर ठेवून मी हात धुवायला गेलो.

परत येतो तर सायलीच्या आईंनी इंजिनाला छोटा हार घातला होता आणि पुढच्या बाजूला, बरोबर ओल्या नंबरावर, कुंकवाचं बोट ओढलं होतं.

"आई, काय केलंस गं हे?"

"दसऱ्याक इंजिनाची पूजा करूक नको?" आई म्हणाल्या. "रंग सुकलो नाय, ता माका काय म्हायत?"

इतकी वर्षं शेडमधल्या इंजिनासाठी हार त्याच ओवून देत होत्या. टिळा पुढेच लावायचा असतो.

सायलीचा फोन वाजला. "काका, वाट लागली. बाबा रिक्षात बसलेत."

"पंखा बंद कर, रंग ब्रशवरच घट्ट होईल," मी म्हणालो.

ब्रश थिनरमध्ये बुडवून हलकेच फिरवला. तेलामुळे रंग ओलाच होता, त्यामुळे कुंकू आणि नंबर दोन्ही एकदम निघाले. खालचा कारखान्याचा रंग शाबूत. आता मात्र तेल नको, नंबर लवकर सुकायला हवा. एक रेघ, ब्रश धुवायचा, पुढची रेघ. असा सात मी पुन्हा काढू शकेन की नाही, माहीत नाही. मी उठलो आणि बेल वाजली.

परबकाका आले, टेबलापाशी थबकले.

"हात नका लावू काका, ओलं आहे," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि इंजिनाच्या तोंडाशी वाकले. मग म्हणाले, "ह्यो माझोच नंबर."

सायलीने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी पुढचा रूळ मोकळा आहे का ते बघितलं आणि मगच नॉब फिरवला. इंजिन हललं. मग संध्याकाळपर्यंत त्यांनी कंट्रोलर सोडला नाही आणि तोंडही बंद केलं नाही. घाटातले ब्रेक, शेडमधला चहा, सगळं बाहेर आलं. मीही घरी जायचं विसरून ऐकत बसलो.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी मॉडेलचं स्केल विचारतो, रंग विचारतो आणि पूजा कधी आहे तेही विचारतो.