पोटातली सुई आणि तलवारीची मूठ

आमच्याकडे दसऱ्याला आरती संपेपर्यंत घरातला वडीलधारा पुरुष तलवार हात लांब करून धरतो. टेकवायची नाही, हात बदलायचा नाही. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले तेव्हापासूनचा रिवाज. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण तलवार एकोणतीस वर्षं धरली. मागच्या वर्षी हात थरथरला. मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या खेपेला मी धरतो." त्या दिवशी मी रागाने जेवलोच नाही. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या तेवढ्याच.

मग मी ग्वाल्हेरच्याच मुरार भागातल्या एका जिममध्ये गेलो. तिथल्या ट्रेनरने पेप्टाइड नावाच्या औषधाची बाटली दाखवली. "दादाजी, ये हार्मोन नहीं है. ये आपकी ही मशीन को चाबी देता है, हार्मोन फिर अंदर से बनता है." झोप लागेल, दंड भरतील, गुडघे मोकळे होतील म्हणाला. आपलंच शरीर काम करणार, म्हणजे यात उसनं काही नाही. मला पटलं. रोज न्हाणीघरात कडी लावून, पोटाला चिमटा घेऊन बारीक सुई टोचू लागलो.

झोप खरंच लागली. भूक तर अशी, की बाजारात डाळ भरलेली बेडई-पुरी खाऊन आल्यावर घरी पोहे मागायचो. हातही भरले. बायकोला दाखवले तर म्हणाली, तोंडही भरलंय. बोटांना मुंग्या येत. ताकद शिरताना येतातच, असं मी धरून चाललो.

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा तलवार घासायला काढली. तिची मूठ जुन्या माणसांच्या हाताची, आवळ. माझी चार बोटं आत जाईनात. तेल लावलं, साबण लावला. बायकोने पाहिलं आणि सगळं बाहेर आलं. ती मला बाटलीसकट डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साचलंय, साखरही चढलीय. वाढीचं हार्मोन वाढवणारी अशी औषधं आहेत, पण उंची खुंटलेल्या मुलांना वगैरे, तपासण्या करून, नजरेखाली देतात. कुठे गाठ लपलेली असली तर तिलाही खतपाणी मिळण्याची भीती. आणि जिमच्या बाटलीत नेमकं काय आहे ते कोण सांगणार? त्यांनी चष्मा लावून बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "काका, यावर इंग्रजीत लिहिलंय, माणसांसाठी नाही."

बायको म्हणाली, "मग ह्यांना चालायला हरकत नव्हती."

सुई बंद केली, पण दसऱ्यापर्यंत सूज पुरती उतरली नाही. तलवार मुलाने धरली. आरती म्हणायचा मान मात्र माझाच होता. गणपतीची सावकाश म्हटली, देवीची त्याहून सावकाश. शंकराच्या आरतीला मुलाचा हात हलू लागला. मी विठोबाची सुरू केली. बायकोने मध्येच कापूर पेटवला आणि सगळ्यांना मंत्रपुष्पांजली म्हणायला लावली.

पुढच्या वर्षी तलवार कोणी धरायची, ते मुलाच्या मते ठरलेलं आहे. माझ्या मते नाही.